ऑर्गन एकटा वाजतो तेव्हा

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझी उभी नोकरी हवेच्या कामात गेली. युटिलिटी खात्यात ब्लोअर, कॉम्प्रेसर, बॉयलरचे पंखे सांभाळायचे, गेजवरचे आकडे लॉगबुकात उतरवायचे आणि शिफ्ट सुटली की बोईसरला मुलांना पेटी शिकवायला बसायचे, हा माझा दिनक्रम होता. आता नोकरी संपली, शिकवणे चालू आहे. दिवसा यंत्रांची हवा आणि संध्याकाळी भात्याची हवा अशा संगतीत राहिल्यामुळे पाइप ऑर्गन या वाद्याची मला तरुणपणापासून ओढ होती. माणसाने बनवलेल्या सुषिर वाद्यांत याहून मोठे वाद्य नाही. काही ऑर्गन चार-पाच मजले उंच असतात. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीच्या सभागृहात जो आहे, त्यात ३३ हजारांहून अधिक नळ्या आहेत.

मुंबईतल्या एका कॅथेड्रलमध्ये या वाद्याचे एकल वादन ऐकण्याचा योग आला. वाजवणाऱ्या बाई वसईकडच्या. त्या मैफली करतात आणि विद्यार्थीही घडवतात. त्यांच्या सोबतीला तबला नव्हता, गायक नव्हता, दुसरे कोणतेच वाद्य नव्हते. तासाभराच्या त्या वादनाने पेटी शिकवणाऱ्या मला माझ्याच वाद्याच्या काही गोष्टी नव्याने समजल्या. त्या इथल्या वाचकांना सांगाव्यात असे मनापासून वाटते, कारण ऑर्गन आपल्याला परका नाही. मराठी रंगभूमीने तो जवळजवळ शंभर वर्षे आपला मानला आहे आणि त्याच्या कुळातले एक वाद्य तर आपल्या जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर आजही वाजते.

थोडी हवा, पण सारखी

आधी हवेचे सांगतो. कारखान्यात यंत्रे चालवणारी हवा चौरस सेंटिमीटरला सहा-सात किलो दाबाची असते. तिची नळी हातातून सुटली तर माणूस जखमी होतो. पाइप ऑर्गनमधली हवा फार सौम्य असते. तिचा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, एका टोकाला हवा जोडायची आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती मिलिमीटरचा फरक पडतो ते पाहायचे. आमच्याकडे बॉयलरच्या पंख्याचा दाब आम्ही असाच पाहत असू. ऑर्गनमध्ये हा आकडा बहुधा ७० ते ८० मिलिमीटरच्या आसपास असतो. हिशेब मांडला तर ही हवा कारखान्यातल्या हवेच्या हजाराव्या भागाइतकी दुबळी ठरते. तरीही तिच्यावर अख्खे कॅथेड्रल सुराने भरून जाते.

याचे कारण त्या हवेच्या स्थैर्यात आहे. दाब चार मिलिमीटरनेही डचमळला तरी सूर थरथरतो आणि कानाला ते लगेच कळते. म्हणून ब्लोअर आणि नळ्या यांच्यामध्ये वजन ठेवलेला मोठा भाता असतो. पंप कसाही चालो, गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला जशी एकसारखी धार येते, तसेच काम हा भाता करतो. विजेचे ब्लोअर विसाव्या शतकात रूढ झाले. त्याआधी ही हवा माणसे भरत. वाद्याच्या मागच्या अंधाऱ्या जागेत उभे राहून ती पायांनी भाते दाबत आणि सूर चालू असेतो थांबत नसत. म्हणजे वाद्य एकट्याने वाजवायचे म्हटले तरी मागे दोन-तीन माणसे लागतच. इतिहासात त्यांची नावे राहिली नाहीत. पण त्यांच्याशिवाय बाखसारख्या ऑर्गनच्या थोर रचनाकाराचा एक सूरही उमटला नसता, याची जाणीव युटिलिटी खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला झाल्याशिवाय राहत नाही.

नळ्यांची घराणी

ऑर्गनच्या नळ्या दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात हवा फटीतून येऊन धारदार ओठावर आपटते आणि नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो. बासरीचे तत्त्व हेच. दुसऱ्या प्रकारात पितळेची पातळ जीभ थरथरते आणि वरची नळी तिच्या आवाजाला आकार देते. एका जातीच्या सगळ्या नळ्यांची एक रांग असते आणि प्रत्येक रांगेला चालू-बंद करणारा एक खटका असतो. त्याला स्टॉप म्हणतात. खटका ओढला नाही तर पट्टी दाबूनही आवाज येत नाही. कोणत्या रांगा कधी जोडायच्या हे वादक ठरवतो, आणि ही निवड म्हणजे अर्धे वादनच.

रांगेवर फुटांचा आकडा लिहिलेला असतो. आठ फुटी रांगेतली सर्वांत खालची नळी साधारण आठ फूट लांब असते. सोळा फुटी रांग एक सप्तक खाली बोलते, चार फुटी एक सप्तक वर. आपल्या चांगल्या पेटीत खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे संच असतात, तीच कल्पना इथे मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. मोठ्या ऑर्गनमध्ये ३२ फुटी रांगही असते. तिचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सोळा कंपनांचा, म्हणजे कानाच्या मर्यादेच्याही खालचा. तो ऐकू येण्याआधी बाकावर बसलेल्या अंगाला जाणवतो.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जात गंधार आपोआप ऐकू येतो हे गाणाऱ्या-ऐकणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. एका सुराच्या पोटात त्याचा वरचा षड्ज, पंचम, गंधार दडलेले असतात. ऑर्गन बांधणाऱ्यांनी हे पोटातले सूर बाहेर काढून त्यांना स्वतंत्र नळ्या दिल्या. एक रांग फक्त वरच्या पंचमाची, दुसरी त्याच्याही वरच्या गंधाराची. ती एकटी वाजवली तर विचित्र लागते. मूळ सुराबरोबर जोडली की ती वेगळी ऐकू येत नाही, सुराला धार आणि उजेड चढतो. तानपुरा जे निसर्गतः करतो ते इथे कारागिराने शिसे-कथिलाच्या नळ्या कापून साधले आहे.

हे वाद्य हवामानाला फार हळवे असते. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरीच्या जातीच्या नळ्या चढतात. दहा अंशांच्या फरकाने त्या इतक्या चढतात की सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा जवळपास तिसरा भाग ओलांडतात. जिभेच्या नळ्या मात्र फारशा हलत नाहीत. मग दोन्हींचे पटेनासे होते आणि मैफलीआधी जिभा पुन्हा लावाव्या लागतात. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत लाकूड फुगते, चामडे कुजते, वाळवी लागते. अशा हवेत पाइप ऑर्गन बोलता ठेवणे ही मोठी निष्ठा आहे. कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल आजही आपल्या भित्तिचित्रांइतकेच पाइप ऑर्गनसाठी ओळखले जाते.

पायांत लेहरा, हातांत विस्तार

आता वादनाबद्दल. हातांसाठी दोन किंवा तीन पट्ट्या एकावर एक असतात, प्रत्येकीवर बहुधा ६१ सूर. खाली पायांसाठी लाकडी दांड्यांची वेगळी पट्टी असते, तिच्यावर ३० किंवा ३२ सूर. बाईंनी पातळ चामड्याच्या तळाचे खास बूट घातले होते. चवडा आणि टाच या दोन्हींनी त्या सूर घेत होत्या, आणि मान खाली न घालता.

त्या मैफलीत बाखचे ‘पॅसाकॅलिया’ होते. पेटीवाल्याला ते पहिल्याच ओळीत उमगते. सुरुवातीला हात मांडीवर आणि नुसते पाय वाजवतात. आठ मापांची, प्रत्येक मापात तीन मात्रा, म्हणजे २४ मात्रांची एक संथ सुरावट. ती संपली की पुन्हा तीच, मग पुन्हा तीच. तिच्यावर हात एकामागून एक वीस रूपे उभी करतात आणि शेवटी तिचाच पहिला अर्धा भाग घेऊन फ्यूग, म्हणजे एकाच सुरावटीची वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ होणारी मांडणी, सुरू होतो. एकल तबलावादनाला आम्ही पेटीवर लेहरा धरतो तेव्हा आमचे काम नेमके हेच असते. आवर्तन ढळू द्यायचे नाही, वर काहीही चालो. मी अनेक तबलजींना लेहरा दिला आहे. इथे लेहरा देणारी आणि त्याच्यावर बोलणारी व्यक्ती एकच होती. ती सुरावट बहुतेक वेळ पायांत राहते, मध्ये वरच्या पट्टीवर जाते आणि परत खाली येते. ती गेली तरी कान तिची वाट पाहत राहतो, तबल्यात समेची पाहतो तसा.

पुढची गोष्ट वादन संपल्यावर कळली. बाईंनी आम्हा काही जणांना वर, वाद्यापाशी नेले. मी पट्टी हलकी दाबून पाहिली, मग जोरात दाबून पाहिली. आवाज तेवढाच. पियानोवर बोटाच्या जोराने आवाज वाढतो. पेटीवर भात्याने वाढवता येतो. इथे झडपा असलेल्या पेटाऱ्यात बसवलेल्या काही रांगांचा आवाज पायाच्या तक्त्याने कमी-जास्त करता येतो, बाकी सूर दाबला की पूर्ण आणि सोडला की बंद. शिवाय तो विरत नाही. सतारीचा सूर छेडल्यावर आपोआप मरत जातो. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत जसाच्या तसा उभा राहतो.

मग एखाद्या सुरावर भर कसा द्यायचा? बाई म्हणाल्या, “काका, त्याच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडायचा.” मधे जी बारीक फट पडते तिच्यामुळे पुढचा सूर ठळक होतो. किती फट, कुठे, कोणत्या बोटाची, हेच सगळे शिक्षण. त्यात इमारतीचा हिशेब वेगळा. दगडी कॅथेड्रलमध्ये सूर सोडल्यावरही काही सेकंद घुमत राहतो, म्हणून फट मोठी घ्यावी लागते. गालिचा आणि गर्दी असेल तर लहान. दूरच्या नळ्यांचा प्रश्न आणखी निराळा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा ३४ मीटरवरची नळी वादकाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते. वादकाने कानावर विसंबून थांबायचे नाही, लय बोटांत धरायची.

एकल वादन सर्वांत अवघड का, याचे उत्तर मला तिथे मिळाले. साथीला ऑर्गन असतो तेव्हा गाणारा श्वास घेतो आणि वाद्याच्या सुरात आपोआप जागा पडते. वाद्य एकटे असते तेव्हा श्वासही वादकानेच पुरवायचा. हवा ब्लोअर देतो, श्वास शिक्षणातून येतो.

वाजवणारे आणि शिकवणारे

म्हणूनच मोठे ऑर्गनवादक बहुतेक सगळे शिक्षक होते आणि आधी हट्टी विद्यार्थी होते. १७०५ साली वीस वर्षांचा बाख आर्नस्टाट गावात नोकरीला होता. उत्तरेला ल्यूबेक शहरात बुक्स्टेहूडे हे वृद्ध वादक होते. त्यांना ऐकायला बाख चार आठवड्यांची रजा काढून सुमारे ४०० किलोमीटर चालत गेला आणि काही महिने राहून परतला. वरिष्ठांनी त्याची कानउघाडणी केली. गुरूच्या दारात राहण्यासाठी घर सोडून गेलेल्या आपल्याकडच्या गवयांच्या हकिगती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेड ओळखीचे वाटेल. पुढे बाखने ‘ऑर्गेलब्यूशलाइन’ ही छोट्या रचनांची वही लिहिली. ती शिकाऊ वादकासाठी आहे असे त्याने पहिल्याच पानावर नमूद केले. सहा त्रिस्वरी सोनाटा त्याने थोरल्या मुलाच्या, विल्हेल्म फ्रीडेमानच्या, सरावासाठी तयार केल्या. त्यांत उजवा हात, डावा हात आणि पाय प्रत्येकी वेगळी चाल वाजवतात, एकमेकांना न टेकता. आजही ऑर्गन शिकणाऱ्याची परीक्षा त्यांच्यावर होते.

फ्रान्समध्ये सेझार फ्रांक १८७२ पासून पॅरिसच्या संगीत विद्यालयात ऑर्गन शिकवत. त्यांच्या वर्गात आयत्या वेळी दिलेल्या सुरावटीचा विस्तार करण्यावर मोठा भर होता. ही परंपरा अजून जिवंत आहे. मैफलीच्या शेवटी वादकाच्या हाती बंद पाकिटातून एक सुरावट येते आणि तो तिथेच तिला वाढवत नेतो. आपल्या आलापीशी याचे नाते सांगायला नको. लुई व्हिएर्न हे जन्मापासून जवळपास अंध वादक १९०० पासून पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे ऑर्गनवादक होते. २ जून १९३७ रोजी तिथल्या मैफलीत असा विस्तार सुरू करण्याच्या क्षणी ते कोसळले. त्यांच्या पायाखालचा खर्जाचा एक सूर वाजत राहिला. शेजारी त्यांचा शिष्य मॉरिस द्युरुफ्ले उभा होता. तोही पुढे मोठा वादक आणि शिक्षक झाला.

अल्बर्ट श्वाइट्झर यांचे नाव मराठी वाचकांना सेवाव्रती डॉक्टर म्हणून माहीत आहे. ते पॅरिसच्या विडोर यांचे शिष्य आणि नामांकित ऑर्गनवादक होते. १९१३ मध्ये आफ्रिकेतल्या लांबारेने इथे दवाखाना काढायला निघाले तेव्हा पॅरिसच्या बाख मंडळाने त्यांना पायपट्टी जोडलेला पियानो भेट दिला. दमट हवेत टिकावा म्हणून त्याला आतून जस्त लावलेले होते. रात्री जंगलात त्याच्यावर ते रियाज करत, आणि युरोपात आले की ऑर्गनच्या मैफली करून दवाखान्यासाठी पैसे जमवत.

आपला ऑर्गन

हे वाद्य आपल्याकडे फार पूर्वी पोहोचले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते गोव्याला आले आणि गोव्याहून हाजी हबीबुल्लाहने एक ऑर्गन अकबराच्या दरबारी नेला. बदायूनी या इतिहासकाराने १५८१ च्या सुमाराच्या नोंदीत त्याचे वर्णन केले आहे. माणसाच्या उंचीची पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी आणि बाहेरून साहाय्य करणारे दोघे. पण देशभर पसरला तो नळ्यांचा ऑर्गन नव्हे, सुरांचा, म्हणजे पेटीवाले ज्यांना सूर म्हणतात त्या जिभांचा. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केला. त्यात नळ्या नाहीत, मोकळ्या पितळी जिभा आहेत. अमेरिकेत याचीच वेगळी जात झाली. पेटीत भाता हवा ढकलतो आणि ती सुरांतून बाहेर पडते. अमेरिकन ऑर्गनमध्ये पाय मारले की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. जिभांना बारीक बाक दिलेला असतो. त्यामुळे आवाज गोल, मऊ, पाइपच्या जवळ जाणारा येतो. गुडघ्याने सरकवायच्या दांडीने झडपा उघडतात आणि आवाज फुलतो. ‘व्हॉक्स ह्युमाना’ नावाचा खटका ओढला की आत एक छोटा पंखा फिरून सुराला कंप देतो. व्हर्माँटमधल्या एकट्या एस्टी कंपनीने असे सुमारे पाच लाख ऑर्गन बनवले. मिशनऱ्यांबरोबर ते खेडोपाडीच्या चर्चमध्ये आले आणि नाटक मंडळ्यांबरोबर आपल्या रंगभूमीवर.

रंगभूमीला त्याची गरज होती. ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा, नटाला न तुटणारा आधारस्वर देणारा आणि पुरुष नटाच्या तसेच स्त्रीपार्टीच्या आवाजाला साजेसा मऊ सूर ऑर्गनमध्ये सापडला. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा आणि ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे अशी साथ असे. बालगंधर्वांचे गाणे ज्या सुरावर तरंगत होते तो हा सूर.

साथीतून एकल वादनाकडे जाण्याची वाट पेटीवाल्यांनी काढली. गोविंदराव टेंबे हे पहिल्या मोठ्या नावांपैकी. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या आणि पेटीवर राग स्वतंत्रपणे मांडता येतो हे मैफलीत दाखवून दिले. पुढे विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, अप्पा जळगावकर अशी मोठी मालिका झाली. मधल्या काळात एक मोठा अडथळा होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली आणि ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिली. आक्षेप असा की बारा ठरावीक सुरांच्या पट्टीत मींड नाही, श्रुती नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पुढे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवून त्याला एक उत्तर दिले. वादकांनी आपले उत्तर बोटांनी दिले होते. कणस्वर, भात्याचा दाब आणि सूर नेमका कुठे सोडायचा याचे भान, एवढ्या भांडवलावर त्यांनी राग उभे केले.

या परंपरेत मैफलीचा कलावंत आणि शिक्षक दोन्ही नात्यांनी मला तुळशीदास बोरकर यांचे नाव सर्वांत जवळचे वाटते. १९३४ साली गोव्यातल्या बोरी गावी जन्मलेले बोरकर छोटा गंधर्वांकडे शिकले, नाटकांना ऑर्गनची साथ करू लागले, मग पी. मधुकरांचे शिष्य झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. सुधीर नायक यांच्यासारखे शिष्य त्यांनी घडवले. त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मी विद्यार्थ्यांना एकच सांगतो: सूर लागतो कसा ते सगळे ऐकतात, तुम्ही तो संपतो कसा ते ऐका. नाट्यपदाची ओळ संपताना त्यांचे बोट असे उठते की शब्द ऐकू आल्यासारखा वाटतो.

दुधीच्या पोटातली हवा

आता आपल्या जव्हार-डहाणूकडे येतो. वारली, कोकणा, मल्हार कोळी बांधवांचा तारपा मी पहिल्यांदा जवळून हाताळला तेव्हा माझ्यातला युटिलिटीवाला थक्क झाला. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचे पोट म्हणजे हवेची कोठी. त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि बांबूच्याच जिभा. पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सांधे मेणाने बंद केलेले. कोठी, जीभ, नळी आणि छिद्रे, म्हणजे ऑर्गनचे मूळ सूत्र. ब्लोअरचे काम वादकाचे गाल करतात. तोंडात हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे फेर धरतात आणि तारपावाला मधोमध असतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हा फेर चित्रांतून जगभर नेला. त्याचा नाद टिकवला तो जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या वादकांनी. तेही एकट्याचे वादन आहे. रात्रभर, साथीशिवाय, नाचणाऱ्यांच्या पावलांना लय पुरवत.

माझ्याकडे डहाणू तालुक्यातल्या पाड्यावरची एक मुलगी पेटी शिकते. तिचे आजोबा तारपा वाजवतात. बाकीची मुले पट्टीवर धावतात. ही मुलगी अखंड सुराला घाबरत नाही आणि तो तोडायची घाईही करत नाही. ती हे आजोबांच्या अंगणात शिकली. मी तिला फक्त त्याची नावे सांगतो.

वाचकांना विनंती

पाइप ऑर्गन ऐकायचा असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. सोळा फुटी रांगेचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा असतो, तो त्या स्पीकरमधून येतच नाही आणि वाद्याचे पाय कापले जातात. चांगले हेडफोन लावा. बाखच्या ‘पॅसाकॅलिया’पासून सुरुवात करा आणि पायांची सुरावट मनात मोजत राहा. मुंबईत एखाद्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनची मैफल असल्याचे कळले तर नक्की जा. ती ऐकायला पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागत नाही. ज्याने तानपुरा ऐकला आहे त्याची निम्मी तयारी झालेली असते.

दुसरी विनंती अधिक जवळची. आपल्याकडच्या जुन्या हौशी नाट्यमंडळांत, शाळांच्या कोठारांत, चर्चच्या मागच्या खोल्यांत, काही वाड्यांच्या माजघरांत पायाचे ऑर्गन धूळ खात पडले आहेत. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत पितळी सुरांवर हिरवा थर चढतो, भात्याचे कापड विरते, उंदीर पट्ट्यांखालचे बनाती कापड नेतात. हे सगळे दुरुस्त होते. कापड बदलता येते, सूर काढून साफ करून पुन्हा लावता येतात. रत्नागिरी जिल्ह्यात आडिवऱ्याला तर नवे ऑर्गन बनू लागले आहेत. तुमच्या ओळखीत असा ऑर्गन असेल तर तो भंगारात देऊ नका. एखाद्या जाणकार पेटीवाल्याला बोलवा, ऑर्गन उघडून पाहा आणि चालू झाला की कोपऱ्यात सजवून न ठेवता शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्या. शिक्षकांनीही वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्याला साथीशिवाय, एकट्याने, लोकांसमोर बसवावे. गायकाच्या मागे लपून पेटीवाला तयार होत नाही. सूर कधी सोडायचा हे त्याला एकटे बसल्यावरच कळते.